टोलीची पांदण

१२ सप्टेंबर २०२४

साकोलीच्या ट्रेनिंगमध्ये एका सायबानं सांगतलं, सरपंचानं रोज डायरी लिवावी. सगळ्या बायका हसल्या. रोज म्हणे! रोज शेण, रोज स्वयंपाक, रोज नवऱ्याची कटकट, आता त्यात डायरीची भर. पण घरी आल्यावर मीच गुड्डीची कोरी वही उचलली. गुड्डी माही पोरगी. ओरडली, ओरडू दे.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणतात, पण इथं कोण पाहून राहिलं? कैलाश. सरपंच मी, पण तीन वर्षं खुर्चीवर तोच बसला. मी सह्या केल्या न पंधरा ऑगस्टले झेंड्याची दोरी ओढली. लोकं त्याले 'सरपंचसाहेब' म्हणतात न मले 'सरपंचाची बायको'. असा राग येते, असा राग येते!

या वर्षी गावाचा आराखडा मी स्वतः करणार. म्हणजे गावात पुढं काय कामं पाहिजेत ते गावानंच शिवार फिरून, बसून ठरवायचं, न मग वर पाठवायचं. मले हे भल्लं आवडलं. कोणी तरी आपल्याले विचारून राहिलं म्हणजे थोडं झालं काय!

पयलं काम टोलीचा रस्ता. टोली म्हणजे नाल्याच्या अंगाची बौद्ध लोकायची वस्ती. पावसाळाभर तिथं मोटरसायकलसुद्धा जात नाही, पोरं चपला हातात घेऊन शाळेत येतात. पूर्वी म्हणे तिथपर्यंत पांदण होती, बैलगाडी जायची. मी लाखनीकडची, लग्न होऊन आली तवापासून मले तर काही दिसली नाही. शेतवाल्यायनं इकडून तिकडून खाल्ली असंल. पण पांदण सरकारची असते, कोणाच्या बापाची नाही. एकदा सापडली की रस्ता झालाच समजा.

कैलाशले सांगतलं तर म्हणे, "कर बाप्पा, तुही हौस."

२७ सप्टेंबर

आज शिवारफेरी झाली. पाय ठणकून राहिले, पण जीव खुश आहे. एवढी लोकं येतील असं वाटलं नव्हतं. टोलीवरून चिंधूकाका आले. साठी उलटलेला माणूस, पण चालणं असं की आम्ही मागं. त्यायची बायको वच्छलाकाकूही आली. काकूचं तोंड म्हणजे फटाक्याची लड, पण आज हसून बोलली. "बाई माणूस सरपंच झाली तवा कुठं कोणी टोलीकडे पाहिलं," म्हणे. मी फुगलीच.

आमची ग्रामसेविका तृप्ती नवीन पोरगी, भंडाऱ्याची. तिनं मोबाईलमध्ये असं काही चालू केलं की आपण जिथून चालू तिथून नकाशात आपोआप रेघ पडते. "ताई, पाय पडतील तीच रेघ," असं तिनं सांगतलं.

गावाजवळ पांदण चांगली दिसते, दोन्हीकडे पळसाची झाडं आहेत. मग ती आमच्या मोठ्या बांधीपाशी, म्हणजे धानाच्या खाचरापाशी, येऊन सरली. पुढं धानच धान. ही बांधी माहा दीर योगेंद्र करते. चिंधूकाकायनं हात लांब केला. "सरळ चला. या बांधीतून सरळ, त्या मोहाच्या झाडापर्यंत."

योगेंद्रभाऊजी पुढं होते, गरकन वळले. "सरळ कुठून जाता? धान गर्भात आहे. दिसत नाही काय?"

खरंच होतं त्यायचं. धान पोटरीवर आलं होतं, कणसं आतल्या आत भरून राहिली होती. असल्या धानात आमच्याकडे कोणी पाय टाकत नाही. पोटुशी बाईच असते ती. तिले धक्का लागला की लोंबी पोचट निघते. चिंधूकाकायनं पाय उचलला होता, तो तसाच मागं घेतला. शेवटी तेही शेतकरीच. चपला काढून हातात घेतल्या न धुऱ्यावर चढले. त्यायच्या मागून आम्ही सगळे. आमची बांधी न चिंधूकाकाच्या दोन लहान बांध्या, यायच्या मधातला तो मातीचा धुरा. एकामागं एक असे सगळे वळसा घेऊन मोहापाशी पोचलो. तृप्ती तर सरळ धानात घुसून राहिली होती, मीच तिचा हात धरून ओढली. शहरातल्या पोरीले काय कळते!

भाऊजीचं आज मले कौतुक वाटलं. एरवी पिऊन कोणाच्याही अंगावर जाणारा माणूस, पण धानाची माया आहे त्याले.

काका सारखं सारखं सांगून राहिले होते, "पोरी, रेघ तिकडे पाडजो, इकडे नको." तृप्ती म्हणाली, मशीनच पाडते, मी नाही पाडत. मीही म्हटलं, जाऊ द्या ना काका, एवढ्यातेवढ्यानं काय होते.

२ ऑक्टोबर

आज घाईनं लिवून राहिली. अक्षर वाकडं येईल.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात ठेवली होती. बायकायनं सकाळपासून बसून जमिनीवर रांगोळीनं गाव काढलं. तलाव निळा, धानाची शेतं हिरवी, टोलीची पांदण लाल. इतकं सुंदर दिसत होतं! तृप्तीच्या मोबाईलातली रेघ पाहून पाहून काढलं. मी माईकवर सांगतलं, पांदण सापडली आहे, तिच्यावर ज्याचं अतिक्रमण असंल त्यानं आपल्या हातानं सोडावं.

तवा सगळ्यायच्या लक्षात आलं की धुऱ्यावरची रेघ गाडीएवढी रुंद करताना लाल पट्टा चिंधूकाकाच्या अंगाले सरकला आहे, त्यायच्या दोन्ही बांध्यांवरून जाते. काका उठले. म्हणाले, "सरपंचबाई, माहं अतिक्रमण? माह्या बापानं मजुरी करून घेतलेल्या बांध्या आहेत त्या. पांदण तिथं नोहोती."

मी म्हटलं, "काका, हा नकाशा माह्या घरी नाही काढला. गावानं चालून काढला. तुम्ही सोबत होते."

"गावानं नाही काढला. धानानं काढला," ते म्हणाले न पायानं ती लाल रेघ पुसून टाकली.

झालं. योगेंद्रभाऊजी वाघासारखे धावले. पयला ठोसा तोंडावर. काका खाली पडले, रांगोळीत तोंड घासलं, ओठ फाटला, रक्त न निळा रंग एक झाला. टोलीवरची दोन माणसं भाऊजीवर पडली. मग शाळेच्या खुर्च्या उडाल्या. एकाचं कपाळ फुटलं, एकाचं बोट मोडलं. वच्छलाकाकूनं विटेचा तुकडा फेकला, तो भोंग्याले लागला न भोंगा बंद पडला. मी टेबलावर चढून ओरडली, "बसा! सगळे खाली बसा! नाहीतर पोलीस बोलावते!" मले स्वतःलेच माहीत नव्हतं माहा आवाज एवढा आहे म्हणून.

बसले. मग मी म्हटलं, मारामारीनं नाही, हात वर करून ठरवू. पांदण इथंच होती असं ज्यायले वाटते त्यायनं हात वर करा. म्हाताऱ्या माणसायनं एकमेकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं न हात वर केले. इतकी मारामारी पाहून घाबरले असतील बिचारे. मग बाकीच्यायनं. टोलीवाल्यायचे हात कमी पडले. ठराव पास.

तृप्ती मागून कुजबुजली, "ताई, एकदा शासकीय मोजणी मागवू या का? तलाठ्यांचा नकाशा..." कैलाशनं तिले तिथंच गप्प केलं. "काम निघालं की मोजणी होईल. आधी आराखडा जाऊ दे, तारीख निघून जाईल."

चिंधूकाकाचा मले मनापासून राग आला. ज्या टोलीसाठी मी मरून राहिली, तिथलाच माणूस आडवा येते. रस्ता पाहिजे पण आपलं काही जायले नको! पण त्यायच्या ओठातून रक्त गळून राहिलं होतं, ते डोळ्यासमोरून जात नाही. भाऊजीले एवढं मारायचं काम नव्हतं. मी घरी त्याले बोलली. तर म्हणे, "वहिनी, तुमच्यासाठीच मारलं ना."

२१ नोव्हेंबर

चिंधूकाकाचं पुंजणं जळालं.

कापलेल्या धानाचे भारे रचून मोठा ढीग घालतात, मळणी होयेपर्यंत तो शेतातच राहते. वर्षाचं पोट असते त्यात. दिवस बुडता बुडता मी अंगणात तांदूळ निवडून राहिली होती, तर पश्चिमेकडे लाल. मले वाटलं दिवसच आहे. मग धुराचा लोट उठला. बादली घेऊन जशी होती तशी पळाली.

असली आग मी जन्मात पाहिली नाही. तडतड आवाज येत होता, धानाच्या लाह्या फुटून अंगावर उडत होत्या. वच्छलाकाकू आगीत शिरून भारे ओढून राहिली होती, दोन बायकायनं तिले कमरेतून धरलं होतं तरी आवरत नव्हती. तिचे हात कोपरापर्यंत भाजले. मी बादली ओतली. तिनं मले पाहिलं, न त्याच भाजलेल्या हातानं माह्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी बाजूच्या चिखलात जाऊन पडली.

"पांदण पाहिजे ना तुले? घे!" म्हणाली. "घे, मोकळी झाली!"

माणसाचं जळत असताना काय बोलावं. पण मनात आलं, मी काय केलं हिचं? मी तर विझवायले आली.

घरी आल्यावर भाऊजी हातपाय धुऊन राहिले होते. दोन्ही हातांवरचे केस जळाले होते, मिशीचं एक टोकही. म्हणाले, मी पण विझवायले गेलो होतो. मले ते तिथं दिसले नाही, पण एवढ्या धुरात कोण कोणाले दिसते. कोणाची तरी बिडी पडली असंल, म्हणे. मी त्यायच्या हाताले खोबरेल लावलं. म्हटलं, पाहा, ज्याच्याशी भांडण त्याचीच आग विझवायले गेला. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्या माह्याकडे पाहत राहिल्या.

३ डिसेंबर

हे लिवायची लाज वाटते, पण लिवते. आज बोअरिंगवर वच्छलाकाकूनं माहे केस धरले. मी तिच्यासाठी पंचायतीतून मदतीचा अर्ज लिवून आणला होता, आगीची भरपाई मिळावी म्हणून. तिनं तो पाहिला, चुरगाळला न म्हणाली, "स्वतःच पेटवता न स्वतःच अर्ज लिवता?"

माहं डोकंच फिरलं. मी तिले ढकललं. तिनं केस धरले. मग आम्ही दोघी चिखलात, कोण वर कोण खाली कळत नव्हतं. तिच्या हातावर पट्ट्या होत्या, मी तिथंच चावली. मी, गावची सरपंच! बायकायनं आम्हाले वेगळं केलं तवा माह्या तोंडात तिच्या पट्टीचा कापूस होता. गुड्डी शाळेतून येत होती, तिनं सगळं पाहिलं.

आता तर मी रस्ता करूनच दाखवीन. मेली तरी करीन.

२४ जानेवारी २०२५

मंजुरी आली! पंचायत समितीतून फोन आला. जिल्ह्यातल्या बऱ्याच गावायचे आराखडे परत गेले, आमचा पास झाला. पयलं काम टोलीची पांदण, खडीकरणासहित. सायेब म्हणे, "मॅडम, लोकसहभागाचा उत्तम नमुना." मॅडम! मी पेढे आणले. चौकात वाटले.

पण दिवस चांगला सरला नाही. जेवताना मी कैलाशले म्हटलं, तृप्ती बरोबर म्हणते, काम सुरू करायच्या आधी मोजणी बोलावू. चिंधूकाकाचं तोंडही बंद होईल. मोजणीवाल्यायनं दाखवलं की हे पाहा, पांदण इथंच आहे, मग कोण भांडंल?

त्यानं हातातलं ताट माह्या तोंडावर मारलं. वरण डोळ्यात गेलं. मग उठून कानशिलात, पाठीत, कमरेत. "मोजणीचं नाव घेतलं ना तर पाय मोडून ठेवीन! मोजणी म्हणे! कोणी शिकवलं तुले?" गुड्डी रडून राहिली होती. योगेंद्रभाऊजी समोरच जेवून राहिले होते, त्यायनं मान वर केली नाही.

मले अजून समजलं नाही त्यात एवढं चिडण्यासारखं काय होतं. पेढ्याचाही राग असंल, सगळ्यायनं माह्या हातून खाल्ले, त्याले कोणी विचारलं नाही. पुरुषायचं असंच असते. डोळा सुजून बंद झाला आहे, एकाच डोळ्यानं लिवून राहिली.

११ मार्च

कसं लिवू. पण आज नाही लिवलं तर उद्या माहं मन काहीतरी दुसरंच सांगंल.

सकाळी जेसीबी आला. मले कोणी सांगतलंच नव्हतं. मोजणी नाही, नोटीस नाही, काही नाही. आवाज ऐकून मी धावत गेली तवा चिंधूकाकाच्या पयल्या बांधीचा धुरा फुटला होता, कापायले आलेलं लाखोरीच्या डाळीचं पीक मातीत गाडलं गेलं होतं. भाऊजी न त्यायचे चार जण लोखंडी सब्बल, काठ्या घेऊन उभे. कैलाश बाजूले मोबाईलवर. टोलीतली माणसं मजुरीले गेली होती, काका न काकूच होते.

काका जेसीबीच्या समोर, हातात कुऱ्हाड. काच फोडली होती त्यायनं, ड्रायव्हर घाबरून उतरला होता. डोळे असे लाल की मले ओळख पटेना. "जो पुढं येईल त्याले तोडीन," म्हणत होते. त्यायनं तोडलंही असतं.

मी मधात गेली. जीव मुठीत धरून गेली. म्हटलं, "काका, कुऱ्हाड टाका. माह्याकडे पाहा. आज काम बंद. मी सरपंच आहे, मी बंद करते. मोजणी झाल्याशिवाय एक टोपलं माती हलणार नाही. पण आधी ते टाका."

"शब्द देते?"

"देते."

त्यायनं माह्याकडे पाहिलं न कुऱ्हाड दूर फेकून दिली. हात मोकळे केले. मी कैलाशकडे वळली, म्हणजे त्याले सांगावं म्हणून, न मागं आवाज झाला. नारळ फुटल्यासारखा. भाऊजीनं मागून सब्बल घातली होती. काका गुडघ्यावर बसले, उठायले पाहत होते. भाऊजीनं दुसऱ्यांदा मारलं. तिसऱ्यांदाही. मी सब्बल धरली तर ते मले फरफटत घेऊन गेले. वच्छलाकाकू मातीची ढेकळं मारून राहिली होती त्यायले, ढेकळं! तिच्या हाती दुसरं काहीच नव्हतं. त्या चौघायनं तिलेही काठ्यांनी घातलं. काकाच्या कानातून रक्त निघत होतं, पाय थाडथाड उडत होते.

कैलाश धावत आला. कुऱ्हाड उचलली न काकाच्या हाताजवळ नेऊन ठेवली. कोणाच्या पायाले लागू नये म्हणून असंल, किंवा घाबरून त्याले सुचलं नसंल.

जेसीबीवाल्याच्याच टेम्पोत टाकून साकोलीले नेलं, तिथून भंडारा, तिथून नागपूर. माह्या लुगड्यावरचं रक्त धुतलं पण निघालं नाही.

संध्याकाळी जेसीबी पुन्हा चालू झाला. मी आडवी झाली तर कैलाशनं मले हातपाय धरून उचलून घरात आणलं न बाहेरून कडी लावली.

१३ मार्च

कडी आज काढली. काका शुद्धीवर नाहीत. रस्ता मोहापर्यंत झाला, मुरूमही पडला.

पोलीस येऊन गेले, पुन्हा येणार आहेत. कैलाश म्हणते, सांग, चिंधूनं आधी कुऱ्हाड मारली, योगेंद्रनं जीव वाचवायले सब्बल उचलली. टोलीवाल्यायचं कोण ऐकते, सरपंचाचा जबाब भारी पडंल. अॅट्रॉसिटी लागली तर घर बसलं.

दुपारी सासूबाई लाखोरीची डाळ पाखडून राहिल्या होत्या. मी जवळ जाऊन बसली. म्हटलं, आई, त्या माणसानं दोन बांध्यांसाठी जीव धोक्यात घातला. खोटं असतं तर घातला असता काय? सूप थांबलं नाही.

"खोटं कायले असंल," सासूबाई म्हणाल्या. "माही लग्नाची दमनी त्याच पांदणीतून आली ना. आपल्या मोठ्या बांधीच्या बरोबर मधातून. मोहाखाली दमनीचे बैल सोडले होते. तुह्या सासऱ्यानं मागाहून नांगरली, थोडी थोडी करून."

मी म्हटलं, "आपल्या बांधीतून?"

"मग कोणाच्या?"

"हे कोणाकोणाले माहीत आहे?"

"गावाले माहीत आहे. तुले नोहोतं माहीत काय?" आता त्यायनं सूप खाली ठेवलं न माह्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "बाप्पा रे! मले वाटलं तूच केलं. योगेंद्र म्हणे, वहिनीनं असं डोकं लावलं की जमीनही राहिली, रस्ताही झाला, न तिचं नावही झालं. मी म्हटलं, मोठी हुशार निघाली माही सून."

"मले सांगतलं काहून नाही कोणी?"

"तू इचारलं कवा? तू तर चालत सुटली सगळ्यायच्या पुढं."

वच्छलाकाकूनं मले काय समजून मारलं ते आता समजलं. काकाही तेच समजत असतील. ज्या बाईनं आपली जमीन खाल्ली तिच्याच शब्दावर त्या माणसानं कुऱ्हाड टाकली! न मी गर्भातलं धान गर्भातलं धान करत सगळ्या गावाले वळवलं, तृप्तीचा हात धरून ओढला. मूर्ख, मूर्ख, मूर्ख. भिंतीवर डोकं आपटलं, कपाळाले टेंगूळ आलं. त्यानं काय होते.

१६ मार्च

चिंधूकाका काल गेले. नागपूरहून आज दुपारी ॲम्ब्युलन्स आली.

अख्खं गाव रस्त्यावर होतं. पोलिसांची गाडी पळसाजवळ उभी. ॲम्ब्युलन्स नवीन मुरमावरून गेली, बरोबर काकाच्या बांध्यांवरून. सरळ टोलीत, अंगणापर्यंत. मी मागून चालत गेली. कैलाशनं नको म्हटलं, तरी गेली.

वच्छलाकाकू खाली उतरली. डोक्याले टाके, हात गळ्यात बांधलेला. मले वाटलं मारंल. मारावं असंच वाटत होतं मले. तिनं मारलं नाही. सगळ्यायच्या समोर मोठ्यानं म्हणाली, "पाहा सरपंचबाई, तुमच्या रस्त्यावरून टोलीत पयली गाडी आली."

मग ती अंगणात जाऊन त्यायच्या पायापाशी बसली. टोलीतल्या बायकायनं तिले घेरलं, न मी बाहेरची बाहेर राहिली. मले सांगायचं होतं, काकू, मले माहीत नव्हतं. पण त्या मेलेल्या माणसासमोर ते काय सांगायचं? माहीत नसणं हे काय सांगायची गोष्ट आहे!

तशीच वळली न पोलिसांच्या गाडीकडे चालत गेली. तिथं कैलाश न भाऊजी उभेच होते, सायबाशी बोलत. मी म्हटलं, सायेब, माहा जबाब घ्या. आत्ता, इथं, सगळ्यायच्या समोर. म्हटलं, त्यायनं कुऱ्हाड फेकली होती, माह्या सांगण्यावरून फेकली होती. योगेंद्रनं मागून सब्बल घातली, तीनदा. कुऱ्हाड उचलून हाताजवळ कैलाशनं ठेवली, माह्या नवऱ्यानं. मोठ्या बांधीतून पांदण जाते, मोजून पाहा.

कैलाशनं तिथंच माहे केस धरून मले गाडीच्या बोनटवर आपटलं. दात हलला. भाऊजीनं पोटात लाथ घातली. गावातलं कोणी पुढं झालं नाही. त्या दोघायले ओढायले चार पोलीस लागले. गाडीत कोंबताना कैलाश ओरडून राहिला होता की गुड्डीचं तोंड पाहू देणार नाही. गुड्डीले तृप्तीनं आधीच आपल्या खोलीवर नेलं होतं. मीही आता तिथंच आहे.

ठाण्यात हवालदारानं जबाब लिवून घेतला न मले वाचून दाखवला. सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, अजून एक लिवा. हा रस्ता मी आखला, मी ठराव घेतला, काकानं नाही म्हटलं तवा मी लोकायचे हात वर करवले. माह्यावरही काहीतरी लावा.

हवालदारानं पेनाचं टोपण लावलं. "त्याले कलम नाही, बाई," म्हणाला, "इथं सही करा."